गंजलेल्या ब्रेक डिस्क: काढणं, मोजणं, घासणं, बसवणं

गाडी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून चवथीच्या तोंडापर्यंत उघड्या पोर्चमध्ये उभी होती. समुद्र घरापासून जेमतेम दीड किलोमीटर. साधी हॅचबॅक, पुढे हवा खेळण्यासाठी मधे पोकळ खाचा असलेल्या डिस्क, मागे ड्रम. पहिल्यांदा हलवली तेव्हा पुढचं डावं चाक खाडकन सुटलं आणि मग चाकाच्या दर फेऱ्याला एकदा, एकाच जागी, खर्र असा आवाज येऊ लागला. हा आवाज नीट ऐकून घ्यावा. खरखर अखंड येत असेल तर गंज बहुधा सगळीकडे सारखा पसरलेला असतो. फेऱ्यागणिक एकदाच येत असेल तर ती पॅडची, म्हणजे ब्रेक दाबला की डिस्कला चिमटणाऱ्या ठोकळ्याची छाप. गाडी उभी असताना पॅड जिथे डिस्कला टेकलेला असतो तिथे ओल आणि मीठ अडकून राहतं आणि पॅडच्या आकाराचा डाग लोखंडात उतरतो.

वरवरच्या गंजासाठी चाक खोलू नये. डिस्क बिडाची असते. त्यात साधारण तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो, बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. त्यामुळे ती उष्णता चांगली वाहून नेते, कंप शोषते. पण घासणाऱ्या पृष्ठभागावर रंग, तेल, मुलामा काहीच ठेवता येत नाही. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्यात खारा वारा, म्हणजे संध्याकाळी धुतलेल्या गाडीची डिस्क सकाळी केशरी दिसणारच. आठ-दहा वेळा हलका ब्रेक मारला की ती पुन्हा पांढरी होते. इथे वीस किलोमीटर चालवूनही आवाज गेला नाही, आणि ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली हलकं थरथरत होतं. तेव्हा मात्र खोलायलाच हवं.

आणखी एक, डिस्कची खरी अवस्था चाकाच्या फटीतून दिसत नाही. दिसते ती बाहेरची बाजू, आणि ती बहुतेक वेळा बरी असते. आतल्या बाजूला पातळ पत्र्याची ढाल असते. तिच्यात तांबडी माती आणि ओल साचून राहते, त्यामुळे आतली बाजू आधी खराब होते. या गाडीत बाहेरून डिस्क आरशासारखी होती आणि आतून काठापासून १२ मिलिमीटर रुंदीचा पट्टा गंजाच्या खपल्यांनी भरलेला होता. तेवढ्या पट्ट्यावर पॅड टेकतच नव्हता.

जागा सपाट आणि टणक हवी. मातीच्या अंगणात जॅकखाली जाड फळी घालावी. मागच्या चाकांना पुढून-मागून अडण लावायला जांभ्याचे चिरे चालतात, पण गाडी चिऱ्यांवर टेकवून खाली हात घालायचा नाही. जांभा दाबाखाली कसलीही सूचना न देता फुटतो, ओला असेल तर आणखी लवकर. जॅकने उचलून लोखंडी घोडीवरच बसवावी आणि काढलेलं चाकही गाडीच्या बाजूखाली आडवं सरकवून ठेवावं. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून घ्यायचे.

हत्यारांत १२, १४ आणि १७ चे सॉकेट, लांब दांड्याचा पाना, मोठा सी-क्लॅम्प, वायर ब्रश, बाइंडिंग वायर, ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट, ८० आणि १२० नंबरचा एमरी पेपर, ब्रेक क्लीनरचे दोन डबे. मोजायला मायक्रोमीटर आणि सुईने शतांश मिलिमीटरची हालचाल दाखवणारा, चुंबकी बैठकीचा डायल गेज. डायल गेज विकत घ्यायचा नसेल तर ओळखीच्या टर्नरकडून (लेथवर लोखंड कापणाऱ्या कारागिराकडून) एक दिवसासाठी आणावा. त्याच्याशिवाय हे काम अंदाजपंचे होतं.

ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. ती छातीत जाते. साबणाच्या पाण्याचा फवारा मारून ओली करावी, खाली ट्रे ठेवावा आणि तोंडावर एन-९५ मास्क लावावा.

चाक उतरल्यावर लगेच डिस्क काढायची घाई करू नये. आधी आहे त्या स्थितीत तिचा डगमग, म्हणजे फिरताना ती बाजूला किती डुलते ते, मोजावा. चाक नसल्यामुळे नट डिस्कपर्यंत घट्ट बसत नाहीत, म्हणून प्रत्येक स्टडवर (चाकाचा नट ज्यावर बसतो त्या आटेदार दांडीवर) जाड वॉशर घालून नट उलटे लावून हलके आवळले. डायल गेजची सुई बाहेरच्या काठापासून १० मिलिमीटर आत ठेवून डिस्क हाताने सावकाश फिरवली. डावीकडे ०.१३ मिलिमीटर, उजवीकडे ०.०७. बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ही मर्यादा ०.०५ ते ०.१० च्या दरम्यान असते. म्हणजे डावी बाहेर गेलेली, उजवी काठावर. हे दोन आकडे खडूने फरशीवर लिहून ठेवले, कारण पुढे ते फार उपयोगी पडले.

कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा जबडा, काढताना खालचा पिन-बोल्ट काढून कॅलिपर वर उचलता येतो, पण डिस्क काढायची असेल तर दोन्ही पिन-बोल्ट आणि मागचे ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट काढावे लागतात. कॅलिपर रबरी होजवर लोंबकळू द्यायचा नाही. होज आतून फाटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. बाइंडिंग वायरने तो स्प्रिंगला टांगून ठेवावा.

डिस्क हबला, म्हणजे ती आणि चाक ज्यावर बसतात त्या मधल्या भागाला, घट्ट धरून बसली होती. हातोडा इथे शेवटचा उपाय. डिस्कच्या टोपीवर, म्हणजे मधल्या उंचवट्यावर, अनेक गाड्यांत आटे पाडलेली दोन रिकामी भोकं असतात. ती डिस्क ढकलून काढण्यासाठीच ठेवलेली असतात. आधी त्यातला गंज टोकदार खिळ्याने उकरला, भेदक तेल मारून अर्धा तास थांबलो, मग ८ मिलिमीटरचे दोन्ही बोल्ट आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळत गेलो. एकच बोल्ट आवळत राहिलं तर डिस्क वाकडी अडकते आणि आटे सोलले जातात. तिसऱ्या फेऱ्याला टाळी वाजवल्यासारखा आवाज झाला आणि डिस्क सुटली. काही गाड्यांत डिस्क दोन चपट्या स्क्रूंनी धरलेली असते. तिथे साधा स्क्रूड्रायव्हर डोकं खराब करतो. हातोडीचा घाव बसला की फिरतो तो इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्यावा. डावी-उजवी डिस्क आणि ती हबवर कुठल्या स्टडला बसली होती, दोन्हींवर खूण करून ठेवावी.

आता खरा निर्णय. हातात ग्राइंडर घेण्याआधी डिस्क जगवण्याजोगी आहे का ते बघायचं.

टोपीवर किंवा काठावर किमान जाडी कोरलेली असते. गंजाखाली दडलेली असली तर ब्रशने घासल्यावर दिसते. या जोडीवर १५ मिलिमीटर होतं, नवी असताना ती १७ ची. साध्या व्हर्नियरने मोजायला गेलं तर त्याचे जबडे काठावर उभ्या राहिलेल्या गंजाच्या कंगोऱ्यावर टेकतात आणि डिस्क आहे त्याहून जाड भासते. मायक्रोमीटर नसेल तर दोन सारखी नाणी डिस्कच्या दोन्ही बाजूंना घासणाऱ्या भागावर धरून व्हर्नियर लावावा आणि नाण्यांची जाडी वजा करावी. काठापासून १५ मिलिमीटर आत, वर्तुळावर आठ ठिकाणी मोजलं. उजवी सगळीकडे १६.१८ ते १६.१९. डावी १६.१३ ते १६.१७. डावीतला हा ०.०४ चा फरक म्हणजे पेडलमधल्या थरथरीचा एक धागा. एकाच डिस्कवर जाडीचा फरक ०.०१५ च्या पलीकडे गेला की पायाला जाणवू लागतो.

बरेच जण याला ‘डिस्क वाकली’ म्हणतात. रोजच्या वापरात बिडाची डिस्क सहसा वाकत नाही. थरथर येते ती जाडीच्या फरकाने, पॅडचा थर असमान चिकटल्याने किंवा हबवरच्या गंजाने. डिस्क वाकली समजून नवी टाकली आणि हब तसाच ठेवला तर काही हजार किलोमीटरांनी तीच तक्रार परत येते.

त्यानंतर डिस्क दोरीला टांगली आणि पान्याच्या दांड्याने हलकी टिचकी मारली. धड बीड घंटेसारखं वाजतं, नाद रेंगाळतो. ‘थड्’ असा मेलेला आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. ही परीक्षा टोपीजवळ आणि काठावर दोन्हीकडे करावी, कारण केसाएवढी चीर गंजाखाली दिसत नाही. काठापर्यंत पोचलेली चीर, आतल्या खाचांच्या भिंती गंजाने खाऊन बारीक झालेल्या, किमान जाडीच्या जवळ आलेली जाडी, यातलं काहीही असलं तर पुढचं सगळं सोडून नवी जोडी आणावी. छोट्या गाडीची जोडी काही हजारांत मिळते. ब्रेकवर तेवढ्यासाठी जीव टांगणं बरोबर नाही.

या दोन्ही डिस्क वाजल्या.

गंज काढायचे तीन मार्ग आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी. जाड खपल्या छिन्नीने किंवा जुन्या पटाशीने काठावरून सोलून काढाव्यात. डिस्क लाकडावर ठेवून बाहेरच्या बाजूला घाव घालत गेलं की बोटभर लांबीचे पापुद्रे निघतात. टोपीवर आणि बाहेरच्या कडेवर ग्राइंडरला लावलेला वायर कप ब्रश चालतो. मात्र ग्राइंडरची फ्लॅप डिस्क (एमरीच्या पाकळ्यांची चकती) ब्रेक डिस्कच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर एक सेकंदही टेकवू नये. जिथे हात रेंगाळतो तिथे पाच-सहा शतांश मिलिमीटर खड्डा पडतो आणि ज्याच्यासाठी काम काढलं तीच थरथर आपण स्वतः तयार करतो. या कामातली ही सर्रास होणारी चूक आहे. घासल्यावर डिस्क चकचकीत दिसते म्हणून ती लक्षातही येत नाही.

सपाट, बिनखाचांच्या डिस्कसाठी आणि कॅलिपरच्या ब्रॅकेटसाठी विजेचा मार्ग उत्तम. प्लास्टिकच्या टबात दर चार-पाच लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. १२ व्होल्टच्या जुन्या धाटणीच्या बॅटरी चार्जरची ऋण तार डिस्कला, धन तार साध्या लोखंडी पट्टीला, आणि दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. आठ-दहा तासांत गंज काळ्या चिखलासारखा मऊ होतो आणि मूळ लोखंडाला धक्का लागत नाही. स्टेनलेस स्टीलची पट्टी कधीही वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठ टाकू नये, क्लोरीन वायू सुटतो. हायड्रोजनही सुटत असतो, म्हणून हे काम उघड्यावर, विडी-काडी लांब ठेवून, आणि हात घालायच्या आधी चार्जर बंद करून.

पण या मार्गाला एक मर्यादा आहे. वीज समोरासमोर काम करते, खाचांच्या आत फारशी पोचत नाही. आपल्या डिस्क पोकळ खाचांच्या, आणि खाचांत गंज साचला तर हवा फिरत नाही, डिस्क तापून राहते. चोर्ला किंवा अनमोडचा घाट उतरताना ते महागात पडतं. म्हणून इथे सायट्रिक आम्ल निवडलं, लिटरमागे ८० ग्रॅम, १२ लिटर कोमट पाण्यात साधारण एक किलो. दोन्ही डिस्क टबात बुडतील इतकं. माडाचं व्हिनेगर वापरून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात आम्ल चारेक टक्केच असतं, चिकटा मागे राहतो आणि तेवढ्या पैशात सायट्रिक आम्ल कितीतरी जास्त येतं. व्हिनेगर स्वयंपाकघरातच शोभतं.

आम्लात डिस्क टाकून झोपायला जाऊ नये. दर तासाला बाहेर काढून ब्रशने घासून बघावी. गंज संपला की आम्ल लोखंड खाऊ लागतं आणि मागे ग्राफाइटचा काळा, मऊ थर उरतो. बोटाला काजळी लागते तशी लागते. साडेतीन तासांत खाचांतून पाणी आरपार स्वच्छ वाहू लागलं, तेव्हा बाहेर काढल्या.

इथून पुढची पाच मिनिटं फार घाईची असतात, पावसाळ्यात तर विशेषच. स्वच्छ झालेलं बीड उघड्या हवेत बघता बघता पिवळं पडतं. आधी बादलीभर पाण्यात मूठभर खायचा सोडा टाकून आम्ल मारलं, मग न्हाणीतल्या भाणातलं (पाणी तापवायच्या हंड्यातलं) कढत पाणी दोन्ही बाजूंनी आणि खाचांतून ओतलं. कढत अशासाठी की डिस्क स्वतःच तापते आणि स्वतःच्या उष्णतेने वाळते. लगेच सुक्या फडक्याने पुसून हेअर ड्रायरने खाचा वाळवल्या. उरलेलं आम्लाचं पाणी विहिरीच्या आसपास किंवा झाडांच्या मुळाशी ओतू नये. सोडा टाकून फेस येणं बंद झाल्यावरच त्याची विल्हेवाट लावावी.

आता दिसलं की उजवीचा पृष्ठभाग जवळजवळ निर्दोष आहे. डावीच्या आतल्या बाजूला मात्र पॅडची छाप तशीच होती. काळसर चौकोन, त्यात सुईच्या अग्राएवढे खड्डे, आणि नख फिरवलं की अडकत होतं. नख अडकतं तो खड्डा एमरी पेपरने जात नाही. जाईपर्यंत घासलं तर भोवतालचं लोखंड कमी-जास्त निघतं.

नख अडकत नसेल तर हाताने घासणं पुरेसं आहे. सपाट लाकडी ठोकळ्याला ८० चा पेपर गुंडाळावा. बोटांनी नुसता पेपर धरून घासू नये, बोटांखाली उंचसखल होतं. आधी वर्तुळाच्या दिशेने, मग तिरकस, मग उलटं तिरकस. शेवटी १२० ने तसंच. पृष्ठभागावर सगळ्या दिशांच्या बारीक रेघा दिसल्या पाहिजेत. एकाच दिशेच्या गोल रेघा राहिल्या तर पॅड त्यात अडकून चरचरतो.

इथे डिस्क फिरवून तिचा पातळ थर कापणारा लेथ लागणार होता, आणि एकच डिस्क लेथला देऊन चालत नाही. एका बाजूची खरखरीत आणि दुसऱ्या बाजूची गुळगुळीत असली की ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते. कुंडई, वेर्णा, म्हापसा, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत लेथ सापडतो. पण डिस्क नेऊन नुसती टाकू नये, समोर उभं राहावं. डिस्क लेथवर टोपीच्या आतल्या बैठकीवर, म्हणजे हबला टेकते त्याच पृष्ठभागावर बसवायची असते. तो आधी चकचकीत साफ हवा. बाहेरच्या काठाला चक लावून कापली तर लेथवर सरळ आणि गाडीवर वाकडी अशी गत होते.

“किती काढू?” टर्नरने विचारलं.

“मेस्त्री, खड्डे जातील तेवढंच. एका घावात दहा शतांशाच्या वर नको.”

डावीच्या दोन्ही बाजूंनी मिळून ०.२४ मिलिमीटर गेलं, उजवीचं ०.१६. शेवटचा घाव सावकाश चालीने घेतला, म्हणजे आट्यासारखी नागमोडी रेघ उमटत नाही. घरी आल्यावर पुन्हा आठ ठिकाणी मोजलं. डावी १५.९० ते १५.९१, उजवी १६.०२ ते १६.०३. दोन्ही १५ च्या वर सुखरूप. १५.३ च्या खाली जाणार असती तर लेथला दिलीच नसती. पुढच्या झिजेला जागा उरत नाही आणि पातळ डिस्क लवकर तापते. लेथवरूनही १२० च्या पेपरने तिरकस रेघा मारून घ्याव्यात.

नंतर पुन्हा गरम पाणी आणि भांडी घासायचा साबण. ब्रेक क्लीनर तेल काढतो, पण रेघांत बसलेली लोखंडाची आणि एमरीची पूड साबणाच्या पाण्यानेच निघते. पांढरं फडकं पुसल्यावर पांढरंच राहीपर्यंत धुवावं.

रंग फक्त टोपीला आणि बाहेरच्या कडेला. ६०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारा उष्णतारोधक स्प्रे घ्यावा. साधा चंदेरी स्प्रे पहिल्याच घाटात जळून वास मारतो. घासणारा पृष्ठभाग मास्किंग टेपने झाकला, आणि टोपीच्या दोन्ही सपाट बैठकाही झाकल्या. आतली हबला टेकणारी आणि बाहेरची चाकाला टेकणारी, दोन्ही. बैठकीवर रंग राहिला तर तापल्यावर तो दबतो आणि चाकाचे नट सैल पडतात. दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीन पातळ हात दिले, खाचांत रंग जाऊ दिला नाही. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, म्हणून उघाड असलेली दुपार धरली आणि रात्रभर घरात वाळवलं.

मला या संपूर्ण कामात सर्वांत मोलाचा वाटतो तो हब. डिस्क निघाल्यावर हबच्या बैठकीवर तांबड्या-काळ्या गंजाची एक कडी दिसली, काही ठिकाणी फुगलेली. हिशोब साधा आहे. हबचा व्यास १४० मिलिमीटर, डिस्कचा २५० च्या आसपास. हबच्या एका कडेला ०.०५ चा कण राहिला तर डिस्कच्या काठावर तो जवळजवळ ०.०९ होऊन दिसतो. केसापेक्षा बारीक कण, पण मर्यादेच्या काठावर आणून ठेवतो. स्टडभोवतीची वळणं सर्वांत वाईट, कारण ब्रश तिथे पोचत नाही. जाड पाइपच्या तुकड्याच्या तोंडाला एमरी पेपर लावून तो स्टडवर घातला आणि हाताने फिरवला. हबच्या मधल्या उंच गोलालाही वायर ब्रश केला. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडू न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत हबजवळ सेन्सर आणि चुंबकी कडी असते, तिला लोखंडाची पूड चिकटते. तो भाग आधी ओल्या फडक्याने झाकून घ्यावा.

मधल्या गोलाला तांब्याच्या ग्रीसचा अगदी पातळ हात लावला, म्हणजे पुढच्या वेळी डिस्क हाताने निघेल. सपाट बैठक कोरडी ठेवली. स्टडना काही लावलं नाही, कारण त्याने नटाचा ताण बदलतो. मग डिस्क खुणेप्रमाणे बसवून पुन्हा डायल गेज लावला. डावी ०.०४, उजवी ०.०३. फरशीवर लिहिलेले जुने आकडे अजून पुसले नव्हते.

डिस्क चांगली झाली तरी छाप मुळात का पडली हे शोधायला हवं. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली डावीकडची खालची पिन अर्धी अडकलेली होती. रबरी टोपी फाटून आत पाणी गेलं होतं. पिन सरकली नाही की आतला पॅड डिस्कला टेकूनच राहतो. पिन काढून बारीक पेपरने घासली, भोक ब्रेक क्लीनरने धुतलं, नवी रबरी टोपी बसवली आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस इथे चालत नाही. खनिज तेलाने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. पॅड ज्या ब्रॅकेटच्या खाचेत सरकतात तिथल्या पातळ क्लिपांखालीही गंज साठतो आणि क्लिप वर उचलली जाते. क्लिपा काढून खाली कानशीने साफ करावं. पॅड खाचेत बोटाच्या जोराने सरकला पाहिजे, हातोडीने नाही.

पॅडची जाडी आठ मिलिमीटर शिल्लक होती, म्हणून तेच ठेवले. काचेच्या तुकड्यावर ८० चा पेपर पसरून त्यावर पॅडचा चकाकणारा थर जाईपर्यंत इंग्रजी आठच्या आकारात घासले. तीन मिलिमीटरच्या आसपास आले असते किंवा तेल लागलेलं असतं तर नवेच घातले असते. तेलकट पॅड कशानेही साफ होत नाही.

सी-क्लॅम्पने कॅलिपरमधला, पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलण्यापूर्वी ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून पातळी बघावी. काठोकाठ असेल तर ते बाहेर उतू जातं आणि गाडीचा रंग खातं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-४ प्रतीचं ऑइल कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओल धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. आपल्या हवेत दोन वर्षांनी ते बदलावंच. टाकीतलं ऑइल चहासारखं काळपट दिसलं, म्हणून तेही या कामात बदलून घेतलं.

कॅलिपरचे आणि ब्रॅकेटचे बोल्ट मॅन्युअलमधल्या ताणाने आवळले. चाकाचे नट आडव्या-समोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने. छोट्या गाड्यांत बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटर, नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत. असमान आवळलेल्या नटांनीही डिस्क डगमगते.

आणि गाडी सुरू करण्याआधी पेडल पाच-सहा वेळा दाबून घट्ट करून घ्यायचं. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्या दाबाला पेडल थेट खाली जातं. हे विसरून उतारावरच्या पोर्चमधून गाडी बाहेर काढली तर ती थांबत नाही.

पॅड आणि डिस्क एकमेकांना बसवायला सड्यावरचा, म्हणजे माथ्यावरच्या पठारावरचा, मोकळा रस्ता आणि पहाटेची वेळ बरी. आधी ३० च्या वेगावरून पाच-सहा हलके ब्रेक. मग ६० वरून १० पर्यंत मध्यम जोराने दहा वेळा, दोन ब्रेकांमध्ये अर्ध्या मिनिटाचं अंतर, आणि कुठेही पूर्ण थांबायचं नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं तर त्याचा थर तिथेच चिकटतो आणि नवी छाप पडते. नंतर दहा मिनिटं ब्रेक जवळजवळ न वापरता चालवून गार होऊ दिलं. सुरुवातीला थोडा जळका वास येतो, तो साहजिक आहे. परत आल्यावर दोन्ही चाकांजवळ हात धरून ऊब पाहिली. एक बाजू जास्त तापली असेल तर तिथला कॅलिपर किंवा पिन अजून अडकतेय.

खर्र गेली, थरथरही गेली. शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासले, दोन नट किंचित फिरले. आता गाडी पावसाळ्यात उभी करायची तेव्हा शेवटचा अर्धा किलोमीटर हलका ब्रेक दाबत येऊन डिस्क गरम आणि कोरडी करूनच पोर्चमध्ये आणली जाते. हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये, चाकांना चिरा लावून ठेवली जाते, नाहीतर मागच्या ड्रममधले लायनर चिकटतात. आणि दर आठवड्याला चार-पाच किलोमीटर फिरवून आणली जाते.